लाइन बसवल्यानंतर
(प्रस्तावना)

सोसायटीत पाइपचा गॅस येणार असला की चार-सहा महिने दुसरा विषय नसतो. फॉर्म कुणी भरले, कुणाचे राहिले, डिपॉझिट किती, पाइप कुणाच्या खिडकीवरून जाणार, ओट्याची टाइल फुटली तर भरून कोण देणार, यावरून सभेत आवाज चढतात. मग एक दिवस फिटर येतो, शेगडीचे जेट बदलतो, निळी ज्योत पेटते आणि सिलिंडरचा नंबर लावायची कटकट संपते. त्यानंतर त्या पाइपाकडे कुणी वळून बघत नाही. रीडिंग घ्यायला येणारा माणूस सोडला, तर वीस-पंचवीस वर्षं नाही.

हे पुस्तक त्या वीस-पंचवीस वर्षांचं आहे. गॅसची लाइन टाकायची कशी, यावर इंग्रजीत मानकं आणि नियमावल्या भरपूर आहेत. टाकलेली लाइन सांभाळायची कशी, ती झिजते कुठे, वास आला तर काय उघडायचं आणि कशाला हात लावायचा नाही, दुरुस्ती कुठवर पुरते आणि पाइप बदलण्यावाचून गत्यंतर नाही असं केव्हा म्हणायचं, हे सगळं मराठीत एका जागी वाचायला मिळत नव्हतं. दोन्ही लेखकांनी उमेदीची वर्षं साइटवर घालवली आहेत. ते पुस्तकात लपत नाही, आणि बरं झालं.

विषयात नव्याने शिरणाऱ्याला आधी गॅसची वाट माहीत हवी. रस्त्याखाली पॉलिएथिलीनच्या नळीत गॅस साधारण 4 बार दाबाने वाहतो. इमारतीच्या पायथ्याशी भिंतीला एक पेटी असते. तिच्यातला रेग्युलेटर तो दाब 100 मिलिबारच्या आसपास उतरवतो. तिथून जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआय, पाइप बाहेरच्या भिंतीने वर चढतो, हा रायझर. मजल्यामजल्यावर त्याच्या फांद्या स्वयंपाकघरात शिरतात. मीटरपाशी आणखी एक रेग्युलेटर असतो आणि तिथून पुढे दाब राहतो 21 मिलिबार. पारदर्शक नळीत पाणी भरून ती या लाइनीला जोडली, तर दोन बाजूंच्या पातळीत वीतभर फरक पडेल, एवढाच.

इतक्या मामुली दाबाने पाइप फुटत नाही. म्हणून बिघाड पाइपाच्या सरळ लांबीत शोधायचा नसतो. तो सांध्यात असतो, क्लॅम्पखाली असतो, भिंत ओलांडण्याच्या जागी असतो आणि शेवटच्या हातभर रबरी नळीत असतो. सांध्याचंच घ्या. अर्ध्या इंची हेवी पाइपाची जाडी 3.2 मिलिमीटर. जोडासाठी आटे पाडले की त्यातले सुमारे 1.2 मिलिमीटर डायखाली कापले जातात आणि बाहेरचा जस्ताचा थर तर पुरताच निघतो. म्हणजे पाइप जिथे सगळ्यात पातळ, तिथेच तो उघडा. टेप किंवा पेस्ट लावून सॉकेट आवळलं की आत झाकलेले आटे सुरक्षित राहतात. पण सॉकेटच्या बाहेर दोन-तीन आटे उरतात. त्यांना रंग लागला नाही, तर समुद्राकडच्या खाऱ्या हवेत ते पहिल्या पावसाळ्यात तांबूस होतात आणि दहाव्या-पंधराव्या पावसाळ्यात खपली धरतात. माहीम-वरळीकडच्या इमारतीत समुद्राकडच्या आणि आतल्या बाजूच्या रायझरची तुलना केली, तर एकाच दिवशी बसवलेल्या दोन पाइपांच्या वयात दहा वर्षांचा फरक वाटेल.

क्लॅम्पची गोष्ट वेगळी नाही. पाइप आणि पट्टी यांच्या फटीत पावसाचं पाणी बसतं, ते लवकर वाळत नाही आणि बाहेरून काही दिसतही नाही. भिंत ओलांडताना पाइप मोठ्या व्यासाच्या स्लीव्हमधून न्यायचा असतो. गवंड्याने ती जागा सिमेंटने बुजवली आणि पलीकडे न्हाणीघर असलं, तर ओल चढते आणि पाइप आतल्या आत गंजतो. या पुस्तकातली जी छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहिली, ती कापून काढलेल्या अशा तुकड्यांची आहेत. दोन्ही टोकांना पिवळा रंग ठणठणीत, आणि मधली भिंतीच्या जाडीएवढी लांबी वाळवी लागल्यासारखी.

गळती किती मोठी म्हणजे धोक्याची, हा प्रश्न प्रत्येक रहिवासी विचारतो आणि बहुतेक फिटर त्याचं उत्तर टाळतात. हिशेब करून बघण्यासारखा आहे. हवेत नैसर्गिक वायूचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच तो पेट घेतो. आठ चौरस मीटरचं, पावणेतीन मीटर उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे बावीस घनमीटर हवा. तिथे 5 टक्के गाठायला अकराशे लिटर गॅस हवा. एखाद्या सांध्यातून तासाला पाच लिटर गॅस झिरपत असेल, तर खिडकी ठार बंद ठेवूनही नऊ दिवस लागतील. खिडकी किलकिली असली, तर ती वेळ येणारच नाही. आता तोच सांधा ओट्याखालच्या, दारं घट्ट लागणाऱ्या कपाटात आहे असं धरा. कपाटात तीनशे लिटर हवा असेल, तर पंधरा लिटर गॅस पुरतो. तीन तास. सांधा तोच, गळती तेवढीच, मध्ये फक्त मॉड्युलर किचन आलं.

मला या पुस्तकात जे सर्वांत मोलाचं वाटलं ते इथेच आहे, आणि लेखकांनी ते एका वाक्यात कुठे सांगितलं नसलं तरी पानोपानी दाखवलं आहे. गॅसचा पाइप स्वतःहून क्वचित बिघडतो. त्याच्या भोवतालचं घर बदलतं आणि म्हणून तो बिघडतो, किंवा बिघडलेला असून कळत नाही. ड्राय बाल्कनी आत घेतली, की बाहेरचा पाइप घरात येतो. पीओपीचं छत केलं, की वर चढणाऱ्या वायूला साठायला पोकळी मिळते. एसीचा ब्रॅकेट ठोकताना ड्रिल पाइपाला लागतं. कुणी रायझरला कपड्यांची दोरी बांधतो, तर एखादा वायरमन अर्थिंग मिळत नाही म्हणून वायर सरळ गॅसच्या पाइपाला गुंडाळून मोकळा होतो. यातलं कुठलंच काम करताना आपण गॅसच्या लाइनीला हात लावला, असं कुणाला वाटत नाही.

सिलिंडरकडून पाइपाकडे आलेल्या घरांत आणखी एक गोष्ट आड येते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, मोरीत आणि गटारात उतरतो. म्हणून आपल्या आयांनी वास आल्यावर खाली वाकून हुंगायचं शिकवलं. पाइपातला गॅस बहुतांशी मिथेन. तो हवेच्या निम्म्याहून थोडाच जास्त जड आणि सरळ छताकडे जाणारा. खालची जाळी उघडी ठेवून वरची झरोकेवजा खिडकी ॲक्रिलिकने बंद केली, तर सगळं उलटं होतं. दोन्ही वायूंना स्वतःचा वास नसतो. मर्कॅप्टन हे गंधकयुक्त द्रव्य मिसळून तो आणलेला असतो. त्यावर विसंबायलाही मर्यादा आहेत. नवा पाइप आणि गंज हा वास काही प्रमाणात शोषून घेतात, आणि नाक थोड्या वेळात सरावतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत 18 मार्च 1937 रोजी बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास मुलं-शिक्षक गेले. गॅसला वास देण्याची सक्ती तिकडे त्यानंतर आली.

घरात पाइपाने गॅस नेण्याची कल्पना सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. विल्यम मर्डॉकने 1792 मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ इथे कोळशापासून काढलेल्या वायूने स्वतःचं घर उजळलं. 1812 मध्ये लंडनला पहिली मोठी गॅस कंपनी स्थापन झाली. चांगला, सलग, स्वस्त पाइप मात्र हाताशी नव्हता. 1825 मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने तापवलेली लोखंडी पट्टी साच्यातून ओढून नळी जोडण्याचं पेटंट घेतलं आणि तो अडसर दूर झाला. म्हणजे गॅस आधी आला आणि त्याला लायक पाइप मागून. पुढेही या क्षेत्रात हे पुन्हा पुन्हा झालं आहे.

भारतात कोलकात्याचे रस्ते 1857 मध्ये गॅसच्या दिव्यांनी उजळले, मुंबईचे 1865 मध्ये. लालबागची गॅस कंपनी लेन आजही नकाशावर आहे, जरी त्या नावामागे काय होतं ते तिथून रोज जाणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बॉम्बे गॅस कंपनीचा कोळशाचा वायू पुढे घरांत, इराण्यांच्या भटारखान्यांत, प्रयोगशाळांत गेला. हा वायू ओलसर असे. त्यातली वाफ नळात थंड होऊन पाणी साचे आणि ते उपसावं लागे. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयात या कंपनीच्या कामगारांचा साप्ताहिक सुटीच्या पगाराचा एक दावा चालला. त्या कामगारांत सायफनमधलं पाणी उपसणारे होते आणि ग्राहकांकडची उपकरणं दुरुस्त करणारे होते. निकालातलं कायद्याचं काथ्याकूट वकिलांसाठी ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की, लाइन सांभाळणं ही त्या काळी मुंबईत पगारी, कायम, नाव असलेली नोकरी होती.

मग हा धागा तुटला. 1955 मध्ये बर्मा शेलने मुंबईत बर्शेन या नावाने एलपीजी आणला. 1965 मध्ये इंडेन आलं आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत स्वयंपाकाचा गॅस म्हणजे लाल सिलिंडर हे समीकरण झालं. सिलिंडरला इमारत लागत नाही. रेग्युलेटर, दीड मीटर नळी आणि शेगडी, एवढाच संसार. काही बिघडलं तर एजन्सीचा मुलगा येऊन वॉशर बदलून जाई. एका अख्ख्या पिढीची गॅसविषयीची समज या दीड मीटरवर घडली. 1974 मध्ये बॉम्बे हायचा शोध लागला, तिथला वायू उरणला उतरू लागला, 1995 मध्ये महानगर गॅसची स्थापना झाली आणि मुंबईच्या इमारतींवर पुन्हा पाइप चढले. पुण्यात 2006 मध्ये वेगळी कंपनी आली. पाइप परतले, पण त्यांच्याबरोबरची जुनी कारागिरी आणि जुनी पदं परतली नाहीत. आज मुंबई परिसरात वीस लाखांहून जास्त घरं पाइपच्या गॅसवर आहेत, आणि त्यातल्या बहुतेक घरांत विचारसरणी सिलिंडरचीच आहे. काही झालं तर फोन करू, माणूस येईल.

ओल्या वायूचा आणखी एक धडा ब्रिटनने घेतला. तिथे 1967 ते 1977 या दहा वर्षांत घरोघरचा कोळशाचा वायू बंद करून उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू दिला गेला. शेगडी-शेगडीला जाऊन बर्नर बदलले. या वायूत ओल नव्हती. जुन्या ओतीव नळांच्या सांध्यांत शिसं आणि तागाचा दोर ठासलेला असे. ओलसर वायूत तो फुगलेला राही. कोरडा वायू सुरू झाल्यावर ताग सुकला आणि पिढ्यानपिढ्या शांत असलेले सांधे गळू लागले. पाइपाला कुणी धक्का लावला नव्हता.

त्याच सुमारास, 16 मे 1968 च्या पहाटे, पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या नव्याकोऱ्या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. भिंतीचा एक फलक बाहेर फेकला गेला आणि इमारतीचा पूर्ण कोपरा पत्त्यासारखा खाली आला. चार माणसं मेली. चौकशीत मूळ सापडलं ते शेगडीच्या नळीला जोडणाऱ्या एका पितळी नटात. तो दर्जाहीन होता. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये इमारतींच्या रचनेचे नियम बदलले, हे सिव्हिलवाल्यांना पाठ असतं. गॅस फिटरांची नोंदणी सुरू झाली ती 1970 मध्ये, त्याच धक्क्यातून, हे त्यांना सहसा माहीत नसतं. दोन विद्याशाखांनी एकाच अपघाताचा आपापला अर्धा भाग उचलला आहे.

आज जगात लाइन सांभाळण्याच्या तीन-चार ठळक रीती दिसतात. ब्रिटिश रीत माणसावर भिस्त ठेवते. नोंदणीकृत फिटरशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि काम झालं की दाबमापक लावून दोन मिनिटं दाब उतरतो का बघायचं. अमेरिकी रीत सामानावर आणि लेखी संहितेवर. तिथे काळा लोखंडी पाइप चालतो. जस्ताची खपली सुटून जेट तुंबतील म्हणून जीआयकडे तिथल्या जुन्या फिटरांनी संशयाने पाहिलं, तर आपण सगळी मुंबई जीआयवर उभी केली. अलीकडच्या तीस वर्षांत त्यांनी वाकणारी, वळ्यावळ्यांची स्टेनलेसची नळी उचलली. ती झटपट बसते, पण वीज कोसळली तर तिला भोक पडू शकतं असं आढळलं आणि तिला अर्थिंगशी जोडण्याचे नियम आले. जपानने भूकंपापोटी मीटरलाच अक्कल दिली. 1980च्या दशकापासून तिथल्या घरगुती मीटरमध्ये छोटा संगणक असतो. मोठा हादरा बसला, प्रवाह एकाएकी वाढला किंवा ज्योत नको तितका वेळ चालू राहिली, की मीटर गॅस तोडतो.

माझा कल जर्मन रीतीकडे आहे, आणि लेखकांनीही तिला सढळ जागा दिली आहे. जर्मन नियमांत चालू लाइनीची गळती मोजतात आणि तिचे तीन वर्ग पाडतात. तासाला एक लिटरपेक्षा कमी असेल, तर लाइन वापरत राहा. एक ते पाच लिटर असेल, तर चार आठवड्यांत दुरुस्त करा. पाच किंवा जास्त असेल, तर आत्ता बंद करा. घरमालकाने वर्षातून एकदा डोळ्यांनी पाहणी करायची आणि बारा वर्षांतून एकदा तज्ज्ञाकडून ही मोजणी करून घ्यायची. मधल्या वर्गातल्या जुन्या आट्याच्या लाइनींसाठी त्यांच्याकडे आतून सांधे बुजवण्याची पद्धतही आहे: लाइन रिकामी करून त्यात द्रव भरतात, तो दाबाखाली आट्यांच्या फटींत शिरून घट्ट होतो, उरलेला काढून घेतात. भिंत फोडावी लागत नाही. तेही फक्त आट्यांसाठी. गंजाने भोक पडलेल्या पाइपाला हा इलाज नाही.

वर्गवारीचं महत्त्व न्यूयॉर्ककडे पाहिलं की कळतं. तिथे 2014 मध्ये ईस्ट हार्लेममध्ये आणि 2015 मध्ये ईस्ट व्हिलेजमध्ये स्फोट झाले. दुसऱ्या ठिकाणी लाइनीतून बेकायदा जोड घेतलेला होता. शहराने 2016 मध्ये कायदा करून इमारतींच्या उघड्या गॅस लाइनींची चार वर्षांतून एकदा परवानाधारक प्लंबरकडून तपासणी सक्तीची केली. हेतू चोख आहे. पण एकदा गॅस बंद झाला, की दुरुस्ती, परवाने, तपासण्या पार पडून तो परत यायला कित्येक इमारतींत महिनोन् महिने गेले आणि भाडेकरू हॉटप्लेटवर स्वयंपाक करत बसले. अशा ठिकाणी वास आल्यावर शेजारी आधी एकमेकांकडे बघतात आणि मग फोन उचलायचा की नाही ते ठरवतात. नियम जितका सरसकट, तितकी लपवाछपवी जास्त. आपल्याकडे याहून वेगळं होईल असं मानायला मला जागा दिसत नाही.

आपल्याकडे 2006 च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं, 2008 मध्ये शहरी गॅस जाळ्यांची तांत्रिक आणि सुरक्षेची मानकं आली. ती कंपन्यांना बांधतात आणि एकंदरीत चांगली आहेत. अडचण मीटरच्या पलीकडे सुरू होते. तिथे कंपनीचा पाइप संपतो आणि घरमालकाचा सुरू होतो, पण घरमालकाला त्यात फेरफार करण्याची मुभा नसते आणि ज्ञानही नसतं. रायझर सोसायटीच्या भिंतीवर असतो, पण सोसायटीच्या देखभालीच्या यादीत नसतो. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं. अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र महाराष्ट्रात दर जानेवारी-जुलैत द्यावं लागतं आणि कमिटीच्या सेक्रेटरीला ती तारीख पाठ असते. गॅसच्या लाइनीसाठी अशी कुठलीच तारीख त्याच्या डोक्यात नसते. वॉटरप्रूफिंगवाल्याने परांची बांधताना रायझरचे क्लॅम्प सोडवले, रंग देताना गंजावरच रंग मारला, तरी विचारणारा कुणी नसतो.

हा विषय आत्ताच निकडीचा का, याचं उत्तर यातूनच मिळतं. मुंबईतल्या पहिल्या खेपेच्या रायझरांनी पंचविशी ओलांडली आहे. त्याच इमारतींतल्या फ्लॅटची दुसऱ्या-तिसऱ्या मालकांकडून तोडफोड चालू आहे. 2018 नंतरच्या बोली-फेऱ्यांमुळे महाराष्ट्रातल्या आणखी जिल्ह्यांत पाइपचा गॅस पोचतो आहे. तिथल्या फिटरने कालपर्यंत पाण्याच्या लाइनी जोडल्या आहेत. हात त्याचा चांगला असतो. पण पाण्याचा सांधा गळला तर थेंब दिसतो आणि टेपचे चार वेढे जास्त मारून भागतं, ही सवय घेऊन तो येतो. गळका सांधा तसाच ठेवून त्यावर एपॉक्सीचा गोळा थापणं हा त्या सवयीचाच पुढचा टप्पा.

अशा वाचकासाठी पुस्तक कसं लिहिलंय, हे एका उदाहरणाने सांगतो. साबणाच्या पाण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते. ब्रशने फेस लावा, बुडबुडा आला की गळती. लेखक तिथे थांबत नाहीत. मोठी गळती साबणाचं पाणीच उडवून लावते आणि बुडबुडा धरतच नाही, म्हणून फेस न दिसणं ही काही खातरजमा नव्हे. बारीक गळतीला मिनिटभर थांबावं लागतं. तेव्हा आट्याच्या कडेला मोहरीएवढ्या फेसाचा गुच्छ हळूहळू जमतो. सांध्याच्या मागच्या बाजूला बघायला आरसा लागतो. हातात येईल तो काच पुसायचा फवारा मारू नये. त्यात अमोनिया असेल, तर पितळी नटाला तडे जाऊ शकतात. आणि चाचणी झाली की सांधा स्वच्छ पाण्याने पुसून कोरडा करायचा, कारण साबण ठेवून गेलात तर पुढच्या गंजाची सोय तुम्हीच केली. हे सगळं पाऊण पानात येतं. काडी ओढून गळती शोधण्याबद्दल त्यांनी फक्त एक ओळ खर्च केली आहे, तेवढी पुरे.

पुस्तकाची मांडणी पाइपाच्या वाटेने न जाता घरातल्या प्रसंगांनी जाते: घर रंगवायला काढलं, ओटा बदलला, भाडेकरू सोडून गेला, पावसाळा संपला, इमारत पुनर्विकासाला निघाली. सुरुवातीला मला ही मांडणी विस्कळीत वाटली. पण कमिटी मेंबर पुस्तक हातात घेतो तो असा प्रसंग समोर आल्यावर, रायझरचा अभ्यास करायला नव्हे. फिटरसाठीचा मजकूर वेगळ्या चौकटींत आहे आणि तो अधिक कसून लिहिलेला आहे. लाइन उघडण्यापूर्वी कुठला कॉक बंद करून त्याला कुलूप लावायचं, काम झाल्यावर आत शिरलेली हवा सुरक्षितपणे कशी बाहेर काढायची, आणि ज्योत स्थिर निळी होईपर्यंत घर का सोडायचं नाही, हे आयटीआयच्या मुलांनी पाठ करावं असं आहे.

रहिवाशाने काय करावं आणि काय करू नये, यातली रेघ लेखकांनी जाड ओढली आहे. बघावं, हुंगावं, फेस लावावा, नळीवरची तारीख वाचावी, कॉक बंद करता यावा, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात न लावता बाहेर जाऊन कंपनीला फोन करावा. पान्याला मात्र हात लावू नये. स्वतः दुरुस्ती शिकायच्या आशेने कुणी पुस्तक घेतलं, तर त्याची निराशा होईल.

एका मुद्द्यावर माझं लेखकांशी पटत नाही, आणि ते त्यांना सांगूनही त्यांनी प्रस्तावना लिहायला मलाच सांगितलं. नव्या सजावटीत तांब्याची नळी उघडता येणाऱ्या फलकामागून नेली तर चालावी, असं ते म्हणतात. फलकाला वर-खाली जाळ्या हव्यात आणि मागे एकही जोड नको, या अटींवर. कागदावर ते बरोबर आहे. पण फलक बसवणारा सुतार आणि पाच वर्षांनी त्यावर टाइल चिकटवणारा गवंडी हे पुस्तक वाचणार नाहीत, आणि त्यावेळी घरमालकही बहुधा दुसराच असेल. पाइप डोळ्यांसमोर राहावा, मग तो कितीही कुरूप दिसो, असं माझं मत आहे. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत कुणाचं म्हणणं टिकतं ते बघायचं. तोवर वाचकांनी तांब्यावरचं प्रकरण आधी वाचावं आणि मग आपल्या ओट्याखालचं कपाट उघडून बघावं.